चिंता आणि सर्जनशीलता

भीतीला समोर काहीतरी असावे लागते: फणा काढलेला नाग, पुराचा लोंढा, अंगावर येणारी गाडी. ते दूर झाले की भीतीही ओसरते. चिंतेचे तसे नसते. जे अजून घडलेले नाही आणि कदाचित घडणारही नाही, त्याभोवती ती वाढत जाते. उद्या लागणारा निकाल, वेळेवर न आलेला फोन, छातीत उठलेली बारीकशी कळ, एवढे निमित्त तिला पुरते. पुढचे सगळे मन स्वतःच रचते. म्हणजे चिंता हे कल्पनाशक्तीचेच काम आहे. समोर नसलेली गोष्ट मनापुढे उभी करणे हा सर्जनाचाही आरंभ असतो. कादंबरीकार न जन्मलेल्या माणसांना चालते-बोलते करतो, वैज्ञानिक कोणी न पाहिलेली प्रक्रिया कल्पनेने पाहतो. चिंता आणि सर्जनशीलता यांचे भांडवल असे एकच आहे. यावरून ‘चिंतेतूनच सर्जन होते’ असा निष्कर्ष फार पूर्वीपासून काढला जातो, आणि तो चुकीचा आहे. चिंता कल्पनेला अर्ध्यावर सोडून पुन्हा सुरुवातीला आणते. सर्जन त्याच कल्पनेला शेवटपर्यंत नेते. हे दुसरे काम बहुतेक वेळा पहिल्याच्या विरोधात जाऊनच करावे लागते.

भीती आणि चिंता यांतला भेद ठळकपणे मांडला तो डॅनिश तत्त्वज्ञ सोरेन किर्केगार्द यांनी. १८४४ साली टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या ‘चिंतेची संकल्पना’ या ग्रंथात त्यांनी चिंतेचा संबंध थेट मानवी स्वातंत्र्याशी जोडला. माणसापुढे अनेक शक्यता खुल्या असतात आणि त्यांतली एक त्याला स्वतःच निवडावी लागते. या जाणिवेने त्याला जणू भोवळ येते. प्राण्यांना भीती असते, पण ही भोवळ नसते. पुढे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रोलो मे यांनी हा धागा उचलला. क्षयरोगामुळे दीर्घकाळ आरोग्यधामात राहावे लागलेल्या मे यांनी तिथे फ्रॉइड आणि किर्केगार्द या दोघांचेही चिंतेवरील लेखन वाचले आणि १९५० साली ‘द मीनिंग ऑफ अँग्झायटी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९७५ मधल्या ‘द करेज टू क्रिएट’ या पुस्तकात त्यांचे म्हणणे असे की नवे काही घडवताना जुनी घडी मोडावी लागते. ओळखीच्या जगाचा आधार काही काळ तरी सुटतो, म्हणून निर्मात्याला चिंता चुकत नाही.

या दोघांच्या विचारात कार्यकारणाची दिशा कोणती आहे, हे नीट पाहायला हवे. चिंता आली म्हणून निर्मिती झाली असे ते म्हणत नाहीत. निर्मितीला हात घातला म्हणून चिंता आली, असे ते म्हणतात. कोरा कागद समोर घेण्यापूर्वी स्वस्थ असलेला माणूस कागद समोर आल्यावर अस्वस्थ होतो, कारण आता त्याच्यापुढे शंभर वाटा आहेत. निर्मात्यांच्या चरित्रांत चिंता इतक्या वेळा आढळते याचे निम्मे स्पष्टीकरण एवढ्यात सापडते. ती त्यांच्या कामाचे इंधन असतेच असे नाही. पुष्कळदा ती कामाची किंमत असते.

उलट दिशेचा समज मात्र फार जुना आहे. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या ‘समस्या’ या ग्रंथात, तत्त्वज्ञान, राजकारण, काव्य आणि कला यांत नाव काढलेली माणसे विषण्ण प्रकृतीची का असतात, असा प्रश्न विचारलेला आहे. युरोपीय प्रबोधनकाळात तो पुन्हा वर आला आणि एकोणिसाव्या शतकातील स्वच्छंदतावादाने त्याचे दैवतच केले: खरा कलावंत तो, जो जळत असतो. विसाव्या शतकात या समजाला आकडेवारीचा आधार शोधण्याचे प्रयत्न झाले. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ नॅन्सी आंद्रियासन यांनी आयोवा विद्यापीठाच्या प्रसिद्ध लेखन कार्यशाळेतील ३० लेखकांचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतील ८० टक्के लेखकांना आयुष्यात केव्हातरी भावविकार झाला होता. तुलनेसाठी घेतलेल्या गटात हे प्रमाण ३० टक्के होते. आकडे ठसठशीत आहेत, पण नमुना लहान, एकाच संस्थेतला, आणि कोण लेखक व कोण नाही हे मुलाखत घेणाऱ्या व्यक्तीला ठाऊक होते. अशा पायावर फार उंच इमारत बांधता येत नाही.

स्वीडनमधील संशोधकांनी मोठा पाया घेतला. सिमोन क्यागा आणि सहकाऱ्यांनी राष्ट्रीय रुग्णनोंदींमधून सुमारे ११ लाख ७० हजार मनोरुग्णांची माहिती घेऊन २०१३ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. द्विध्रुवीय विकार सोडला, तर सर्जनशील व्यवसायांतील लोकांमध्ये मनोविकारांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळले नाही. चिंताविकारही त्यात आले. अपवाद निघाला तो एका गटाचा: लेखक. त्यांच्यात चिंताविकारासह अनेक विकार आणि आत्महत्यांचे प्रमाण अधिक होते. चिंता हे जर सर्जनाचे सर्वसाधारण इंधन असते, तर ते चित्रकार, नर्तक, वैज्ञानिक या सर्वांत दिसायला हवे होते. ते एकाच गटात दिसते, तेव्हा शोध त्या गटाच्या कामात घ्यायला हवा. लेखकाचे काम एकट्याचे, मोबदल्याची खात्री नसलेले, आणि त्याचे साधन भाषा आहे, जे चिंतेचेही आवडते साधन आहे. या शेवटच्या मुद्द्याकडे पुढे वळावे लागेल.

प्रयोगशाळेतले निष्कर्ष तर रम्य समजाच्या सरळ विरोधात जातात. मथाइस बास, कार्स्टन द द्रू आणि बर्नार्ड नाइस्टाड या डच संशोधकांनी मनःस्थिती आणि सर्जनशीलता यांवरच्या पंचवीस वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा २००८ मध्ये घेतला. मन उल्हसित आणि उत्साही असताना कल्पना अधिक सुचतात. दुःखाचा सर्जनशीलतेशी विशेष संबंध दिसत नाही. भीती आणि चिंता यांच्यामुळे मात्र सर्जनशीलता घटते, आणि एका विचारावरून वेगळ्या विचारावर सहज जाण्याची लवचीकता सर्वांत जास्त मार खाते. क्रिस्टिन बायरन आणि शालिनी खझांची यांच्या २०११ मधल्या एकत्रित विश्लेषणातही हेच दिसले: चिंता वाढते तशी सर्जनशील कामगिरी खालावते. ‘थोडी चिंता चांगली असते’ या लोकप्रिय मताला आधार म्हणून नेहमी रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांचा १९०८ सालचा नियम सांगितला जातो. त्याचा मूळ प्रयोग उंदरांवर होता. काळ्या आणि पांढऱ्या पेटीतला फरक ओळखायला उंदरांना शिकवायचे आणि चुकले की विजेचा झटका द्यायचा. फरक ओळखणे सोपे असताना जोराच्या झटक्याने शिकणे लवकर होई. फरक सूक्ष्म झाला की मध्यम झटका बरा पडे. उंदरांच्या या सवयीवरून माणसाच्या कवितेबद्दल काही सांगता येत नाही. त्यातून काही घ्यायचेच असेल तर एवढेच, की काम जितके नाजूक तितका दडपणाचा मारा कमी हवा.

हे असे का होते, याची दोन स्पष्टीकरणे आहेत. पहिले अवधानाचे. जे. ए. ईस्टरब्रुक यांनी १९५९ मध्ये मांडले की भावनिक ताण वाढला की लक्षाचा आवाका आकसतो. कडेच्या, वरकरणी असंबद्ध गोष्टी नजरेतून निसटतात. वाघाच्या समोर असताना हे आकसणे जीव वाचवते. पण नवी कल्पना तर कडेच्या गोष्टींतूनच येते. मायकेल आयसेंक आणि सहकाऱ्यांच्या २००७ मधल्या मांडणीत याला आणखी एक बाजू जोडली गेली: चिंता कार्यकारी स्मृतीतली जागा व्यापते, म्हणून हातातल्या कामाला मन कमी पडते.

दुसरे स्पष्टीकरण अधिक खोल आहे. अमेरिकेतील टॉमस बोर्कोव्हेक यांनी १९८० च्या दशकापासून चिंता करण्याच्या क्रियेचाच अभ्यास केला. त्यांना आढळले की चिंता मुख्यतः शब्दांत चालते. तिच्यात चित्रे कमी असतात. चिंतातुर माणूस मनात बोलत राहतो: ‘नोकरी गेली तर? घराचे हप्ते थकले तर? मग लोक काय म्हणतील?’ प्रत्येक ‘तर’ पुढच्या ‘तर’ला जन्म देतो. पण नोकरी गेल्यानंतरची पहिली सकाळ, त्या दिवशी घरात कोण काय करत असेल, कुठला आवाज येत असेल, हे तो पाहत नाही. बोर्कोव्हेक यांच्या मते हे न पाहणे हाच या बोलण्याचा छुपा हेतू असतो. ठळक चित्रामुळे शरीर हादरते. शब्दांची अमूर्त साखळी तो हादरा बोथट करते. म्हणून चिंता ही भयाकडे पाहण्यासारखी वाटली तरी प्रत्यक्षात भयाकडे पाठ फिरवण्याची रीत असते, आणि म्हणूनच ती संपत नाही. कलेचे काम नेमके उलट चालते. तिला ती सकाळ पाहावी लागते. अमूर्त ‘तर’ सोडून तपशिलात उतरावे लागते.

इथे लेखकांबद्दलचा स्वीडिश आकडा थोडा उलगडतो. चिंतेची भाषा आणि लेखकाचे साधन एकच असल्याने लेखकाला दिवसभर त्याच पाण्यात उभे राहावे लागते. सिद्ध झालेले हे कारण नव्हे, पण ‘वेदनेशिवाय प्रतिभा नाही’ या वाक्यापेक्षा ते पुराव्याशी अधिक जुळते.

अनिश्चिततेबाबतही असाच फरक आहे. १९९० च्या दशकात कॅनडातील लाव्हाल विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले की सतत चिंता करणाऱ्यांच्या मुळाशी अनिश्चितता सहन न होणे ही गोष्ट असते. वाईट बातमीपेक्षा न कळलेली बातमी त्यांना जड जाते. ते शंका पुन्हा पुन्हा तपासतात, इतरांकडून खात्री मागतात, निर्णय पुढे ढकलतात किंवा घाईने उरकतात. इंग्रज कवी जॉन कीट्स यांनी डिसेंबर १८१७ मध्ये भावांना लिहिलेल्या पत्रात थोर कवीचे लक्षण म्हणून याच्या उलट गुण सांगितला होता: संदेह आणि गूढ यांच्यामध्ये, खुलाशासाठी धडपड न करता, राहता येणे. मसुदा अपुरा आहे, शेवट ठाऊक नाही, पात्र कुठे जाईल ते कळत नाही; या अवस्थेत महिनोन्महिने काढण्याची ताकद ज्याच्यात आहे त्याचे काम वाढते. चिंता या अवस्थेतून लवकर सुटायला बघते, आणि सुटण्याचा सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे ओळखीची, आधी कोणीतरी वापरलेली कल्पना.

भारतीय काव्यशास्त्राने हा प्रश्न वेगळ्या परिभाषेत, पण फार नेमकेपणाने हाताळला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात रसाला आधार देणारे स्थायीभाव आठ आहेत. भय हा त्यांतला एक, आणि त्यातून भयानक रस सिद्ध होतो. चिंता मात्र त्या यादीत नाही. शंका, त्रास, आवेग यांच्यासोबत तिची गणना तेहतीस व्यभिचारी भावांत, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या, दुसऱ्या भावाला बळ देणाऱ्या भावांत केली आहे. चिंतेला स्वतःचा रस नाही. विरहिणीची चिंता शृंगाराला गडद करते, राजाची चिंता वीराला वजन देते. एकटी चिंता कुठेच पोहोचत नाही. दहाव्या-अकराव्या शतकातील काश्मिरी आचार्य अभिनवगुप्त आणखी पुढे जातात. रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने त्यांनी सांगितली, त्यांत स्वतःच्या सुखदुःखात गुरफटून जाणे हे एक विघ्न आहे. रामायणाच्या आरंभीची क्रौंचवधाची कथा घेऊनही ते बजावतात की काव्य झालेला शोक हा वाल्मीकींचा खासगी शोक समजू नये. ऋषी जर स्वतःच्या दुःखाने व्याकूळ झाले असते तर त्यांच्याकडून काव्य झालेच नसते. भावना व्यक्तीपासून सुटून सर्वांची व्हावी लागते, या साधारणीकरणाच्या सिद्धांताला चिंता मुळातच विरोध करते. ती नेहमी ‘माझे काय होईल’ एवढेच विचारते. आधुनिक प्रयोगांचे निष्कर्ष या जुन्या विवेचनाशेजारी ठेवले की हे वर्गीकरण किती सूक्ष्म निरीक्षणातून आले असेल याची कल्पना येते.

चिंता व्यक्तीपासून सोडवण्याचे काम कलेत रूप करते. मराठीत याचे सर्वांत ठळक उदाहरण बा. सी. मर्ढेकर यांचे आहे. ‘शिशिरागम’ (१९३९) मधल्या हळव्या कवितेनंतर ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहात त्यांनी महायुद्धोत्तर महानगर, यंत्र, गर्दी आणि त्यात माणूसपण गमावण्याची धास्ती मराठीत आणली. ही धास्ती मांडताना त्यांनी सैल मुक्तछंद घेतला नाही. पुष्कळदा त्यांनी घेतले ते संतांचे अभंग आणि ओवी. विठ्ठलाला आळवण्यासाठी शतकानुशतके वापरलेल्या चरणांत त्यांनी या महानगरी जगाचे भय बसवले. छंदाच्या शिस्तीमुळे भय कमी झाले नाही. ते बोलण्याजोगे झाले, आणि वाचणाऱ्याच्या कानात आधीपासून असलेल्या लयीमुळे ते त्याचेही झाले. संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांवर सौंदर्याची उपपत्ती उभारणारा हाच कवी होता, हा योगायोग मानता येत नाही. याच संग्रहावर अश्लीलतेचा खटला चालला आणि मर्ढेकर त्यातून निर्दोष सुटले. त्यांच्या काळाने त्यांना किती वेगळ्या प्रकारची काळजी पुरवली होती याची ही साक्ष आहे.

प्रागमधील फ्रान्झ काफ्का यांचे उदाहरण आणखी सखोल पाहण्यासारखे आहे, कारण चिंतेचा लेखक म्हणून ज्यांचे नाव प्रथम येते ते हेच. काफ्का १९०८ ते १९२२ या काळात कामगार अपघात विमा संस्थेत नोकरीला होते. कारखान्यांतला धोका मोजणे हे त्यांचे दिवसाचे काम होते. लाकूड रंधणाऱ्या यंत्रांचे चौकोनी दांडे कामगारांची बोटे कापत. त्याऐवजी गोल सुरक्षित दांडे बसवावेत यासाठी त्यांनी आकृत्यांसह लिहिलेला अहवाल आजही उपलब्ध आहे. म्हणजे सर्वत्र अनाम धोका पाहणाऱ्या या माणसाला धोक्याचे तपशीलवार, मोजून-मापून वर्णन करण्याची रोजची तालीम होती. त्यांच्या कथांमधले भय म्हणूनच कधी धूसर नसते. पात्र अकल्पनीय संकटात सापडते, पण दाराची उंची, अंथरुणाची घडी, साहेबाचा कोट हे सगळे काटेकोर असते. ‘निवाडा’ ही कथा त्यांनी २२ सप्टेंबर १९१२ च्या रात्री दहा ते पहाटे सहा अशी एका बैठकीत लिहिली. दैनंदिनीतल्या नोंदींवरून ती रात्र त्यांना किती आनंदाची वाटली हे दिसते. वर्षानुवर्षे चिंतेने ग्रासलेला लेखक आपली सर्वोत्तम निर्मिती कशी झाली हे सांगतो तेव्हा त्या आठ तासांत चिंता नव्हती, असेच त्याच्या वर्णनातून कळते. पुढच्या काळात ती परत आली आणि ‘खटला’ व ‘किल्ला’ या दोन्ही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या. काफ्कांची चिंता त्यांच्या लेखनाचा विषय होती यात शंका नाही. ती त्यांच्या लेखनाची पद्धत मात्र नव्हती. विषय आणि पद्धत यांची ही गल्लत टाळली तर निम्मा वाद मिटतो.

विज्ञानात हीच गोष्ट चार्ल्स डार्विन यांच्याकडे दिसते. नैसर्गिक निवडीची कल्पना त्यांना १८३८ मध्ये सुचली, १८४४ पर्यंत तिचा विस्तृत मसुदा झाला, पण ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ १८५९ मध्ये आले. तेही आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी तीच कल्पना १८५८ मध्ये लिहून पाठवल्यावर. मधल्या काळात आठ वर्षे त्यांनी खडकांना चिकटणाऱ्या बार्नेकल या जिवांवर घालवली. हा विलंब भीतीपोटी होता की कामाच्या रीतसर ओघात झाला, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. निर्विवाद गोष्ट ही की आपल्या मताला प्रतिकूल असलेली वस्तुस्थिती मन लवकर विसरते हे ओळखून अशी प्रत्येक गोष्ट ते तत्काळ टिपून ठेवत. पुस्तकात त्यांनी सिद्धांतापुढच्या अडचणींना स्वतंत्र प्रकरण दिले. ‘मी चुकलो असेन तर?’ ही चिंता त्यांनी ‘मी कुठे चुकलो असू शकेन?’ या प्रश्नात बदलली. पहिल्या वाक्याला उत्तर नसते. दुसऱ्याला डोळ्यासारख्या गुंतागुंतीच्या अवयवाचे, किंवा वंध्य कामकरी मुंग्यांचे, उत्तर शोधावे लागते.

चिंतेचा एक प्रकार मात्र निर्मितीला जवळजवळ काहीच देत नाही: लोकांच्या निवाड्याची चिंता. रशियन संगीतकार सर्गेई रखमानिनॉव यांची पहिली सिंफनी १८९७ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये सादर झाली आणि सपशेल आपटली. समीक्षक सेझार क्युई यांनी तिच्यावर जहरी टीका केली. रखमानिनॉव तेव्हा २३ वर्षांचे होते. पुढची जवळपास तीन वर्षे त्यांच्या हातून महत्त्वाची रचना झाली नाही. यातना भरपूर होत्या, प्रतिभाही होती. रम्य समजानुसार हाच सर्वांत सुपीक काळ ठरायला हवा होता. १९०० मध्ये डॉ. निकोलाय दाल यांच्याकडे त्यांनी संमोहन आणि संवाद यांवर आधारलेले उपचार घेतले. त्यानंतर लिहिलेला दुसरा पियानो कॉन्चेर्टो १९०१ मध्ये पूर्ण रूपात सादर झाला. त्यांची ही सर्वांत लाडकी ठरलेली रचना त्यांनी डॉ. दाल यांनाच अर्पण केली.

या प्रकारच्या चिंतेवर सर्वांत स्वच्छ प्रयोग अमेरिकेतील तेरेसा अमाबिले यांचे आहेत. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विद्यार्थिनींना रंगीत कागदांची चिकटचित्रे करायला दिली. काहींना आधीच सांगितले की कलावंत या चित्रांचे मूल्यमापन करणार आहेत. पुढे, कोणते चित्र कोणत्या गटातले हे ठाऊक नसलेल्या कलावंतांनी पाहिले तेव्हा मूल्यमापनाच्या सावटाखाली झालेली चित्रे कमी सर्जनशील ठरली. १९८५ च्या प्रयोगात हौशी आणि होतकरू लेखकांपैकी काहींना कविता लिहिण्याआधी लेखनामागच्या बाह्य कारणांचा, म्हणजे प्रसिद्धी, पैसा, इतरांवर छाप पाडणे यांचा विचार करायला लावले. केवळ पाच मिनिटांच्या त्या विचाराने त्यांच्या कविता फिक्या पडल्या. महाराष्ट्रातल्या शाळांमधून निबंध म्हणजे मार्गदर्शकातून पाठ करून परीक्षेत उतरवायचा मजकूर झाला आहे, त्याचे एक कारण इथे आहे. आठवीतल्या मुलाला पावसाबद्दल काही सांगायचे नसते असे नाही. पण त्याने आयुष्यात लिहिलेली प्रत्येक ओळ कोणीतरी तपासून गुण देणार असते, आणि अशा वेळी दुसऱ्याचा तयार पाऊस सुरक्षित असतो. लिहिण्याचे काही तास गुणांपासून पूर्ण मोकळे ठेवले तर मुलांना हे बंधन किती जड होते ते शिक्षकांना लगेच दिसेल.

सादरीकरणाच्या कलांमध्ये निवाडा त्याच क्षणी होत असतो, म्हणून तिथे चिंता उघड दिसते. पियानोवादक व्लादिमीर होरोविट्झ १९५३ पासून बारा वर्षे मंचापासून दूर राहिले. दुसरे पियानोवादक ग्लेन गूल्ड यांनी १९६४ मध्ये मैफली कायमच्या सोडल्या आणि उरलेले आयुष्य ध्वनिमुद्रणाला दिले. अमेरिकेतील वाद्यवृंदांच्या १९८७ मधल्या मोठ्या पाहणीत २७ टक्के वादकांनी बीटा ब्लॉकर ही हृदयविकाराची औषधे घेतल्याचे सांगितले. या औषधांनी हाताचा कंप आणि छातीची धडधड कमी होते. शरीराची खळबळ ही वाईटच असते असे मात्र नाही. ॲलिसन वूड ब्रुक्स यांच्या २०१४ मधल्या प्रयोगांत गाणे किंवा भाषण करण्यापूर्वी ‘मी शांत आहे’ असे स्वतःला सांगणाऱ्यांपेक्षा ‘मी उत्साहात आहे’ असे सांगणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. धडधडणारे हृदय दोन्ही अवस्थांत सारखेच असते. त्याला कोणता अर्थ द्यायचा एवढाच प्रश्न असतो. ‘थोडी चिंता चांगली’ असे अनुभवी कलावंत म्हणतात तेव्हा त्यांना बहुधा हीच शारीरिक जाग अभिप्रेत असते, मनाची पोखरण नव्हे.

यातून सर्वांत गंभीर प्रश्न उरतो तो उपचारांचा. चिंता गेली तर प्रतिभाही जाईल, या भयाने अनेक कलावंत मदत घेत नाहीत. या भयाचा सर्वांत मोठा साक्षीदार म्हणून नॉर्वेचे चित्रकार एडवर्ड मुंक यांचे नाव घेतले जाते. १८६३ मध्ये जन्मलेल्या मुंक यांची आई १८६८ मध्ये आणि बहीण सोफी १८७७ मध्ये क्षयाने गेली. ‘किंकाळी’ (१८९३) आणि ‘चिंता’ (१८९४) या चित्रांनी आधुनिक मनाच्या धास्तीला चेहरा दिला. आजार आणि भय आपल्या कलेला आवश्यक आहेत, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. पण त्यांच्या कामाची रीत पाहिली तर वेगळेच दिसते. ‘आजारी मूल’ हे बहिणीच्या मृत्यूचे चित्र त्यांनी चाळीस वर्षांच्या काळात सहा वेळा रंगवले. ‘किंकाळी’च्या रंगांत आणि खडूत मिळून चार आवृत्त्या आहेत, शिवाय शिळाछाप वेगळा. भयाचा झटका एकदा येऊन गेला; त्यानंतर रेषा, रंग आणि पृष्ठभाग यांचे दशकभर चाललेले प्रयोग ही शांत डोक्याने करायची गोष्ट होती.

१९०८ मध्ये मद्यपान आणि भ्रम यांमुळे मुंक कोसळले आणि कोपनहेगनमध्ये डॉ. डॅनियल याकोबसन यांच्या रुग्णालयात सुमारे आठ महिने राहिले. बाहेर आल्यावर ते आणखी ३५ वर्षे जगले आणि सतत काम करत राहिले. ओस्लो विद्यापीठाच्या सभागृहातली भित्तिचित्रे, त्यांतला क्षितिजावर फुटणारा प्रचंड सूर्य, १९१६ मध्ये तिथे लागली. त्यांचे उत्तरायुष्यातले काम आधीच्या तोडीचे नाही, असे काही समीक्षक म्हणतात. या मताला ‘घड्याळ आणि पलंग यांच्यामध्ये’ हे ऐंशीच्या घरात असताना केलेले आत्मचित्र पुरेसे उत्तर आहे: मृत्यूची चाहूल त्यात पूर्ण आहे, आणि ती पाहणारी नजर स्थिर आहे. उपचार न घेता १९०९ साल त्यांना दिसले असते का, हा प्रश्न ‘किंकाळी’चे गोडवे गाताना कोणी विचारत नाही.

डॅनिश मनोविकारतज्ज्ञ मोगेन्स शाऊ यांनी १९७९ मध्ये लिथियम हे औषध घेणाऱ्या २४ कलावंतांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतील १२ जणांच्या मते त्यांची निर्मिती वाढली, ६ जणांना फरक वाटला नाही, ६ जणांना ती घटल्यासारखी वाटली. हा अभ्यास लहान आहे आणि तो द्विध्रुवीय विकाराचा आहे, चिंताविकाराचा नाही. घट अनुभवणाऱ्या सहा जणांचे म्हणणेही झटकून टाकण्याजोगे नाही. औषधाचे प्रमाण आणि प्रकार ठरवताना कलावंताच्या कामाची चौकशी डॉक्टरांनी केली पाहिजे, हे त्यातून निघते. उपचार टाळावेत, हे त्यातून निघत नाही.

चिंताविकारावरच्या आजच्या मानसोपचारांत तर कल्पनाशक्ती दाबण्याचा प्रयत्नही नसतो. लाव्हाल विद्यापीठातील संशोधकांनी विकसित केलेल्या पद्धतीत एक भाग असा आहे: ज्या प्रसंगाची सर्वांत जास्त धास्ती वाटते तो रुग्णाने वर्तमानकाळात, सर्व तपशिलांसह, जणू आत्ता घडतो आहे असा लिहून काढायचा. खोली कशी आहे, कोण बोलते आहे, हातपाय काय करत आहेत, कशाचा वास येतो आहे. मधेच थांबायचे नाही, स्वतःला धीर देणारी वाक्ये घालायची नाहीत, प्रसंग शेवटापर्यंत न्यायचा. मग तोच मजकूर दिवसामागून दिवस पुन्हा वाचायचा किंवा लिहायचा, त्याची धार बोथट होईपर्यंत. या रुग्णांपैकी बहुतेकांनी कधी कथा लिहिलेली नसते आणि हे लेखन साहित्य म्हणून कोणी वाचणारही नसते. तरीही त्यांच्याकडून करून घेतले जाते ते कथाकाराचेच काम.